हजेरीच्या फोटोवरून गावाचे नाव काढण्याबाबत

प्रति,
मा. तालुका प्रकल्प अधिकारी साहेब,
ग्रामीण बालपोषण प्रकल्प,
तालुका कार्यालय, जि. बीड.

अर्जदार : कौशल्याबाई, सेविका, पोषण केंद्र क्र. ४१
(गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. कारण खाली येते. कार्यालयास ते ठाऊक आहे.)

विषय : मदतनीस मंगल हिला गैरहजर धरून दिलेली नोटीस रद्द करणे व यापुढे तिची हजेरी फोटोशिवाय, कागदावर घेणे याबाबत.

संदर्भ : १) मंगल हिला दिलेली कारणे दाखवा नोटीस. २) खोटी हजेरी मांडल्याबद्दल अर्जदाराकडे मागितलेला खुलासा.

महोदय,

आपल्या दोन्ही नोटिसा एकाच पाकिटातून मिळाल्या. मंगलच्या नोटिशीत म्हटले आहे की ती ऑगस्टपासून केंद्रावर आलेली नाही, सबब तिला कामावरून कमी का करू नये. अर्जदाराच्या नोटिशीत म्हटले आहे की न आलेल्या बाईची हजेरी रजिस्टरात कशी मांडली. दोन्हींचे उत्तर एकच असल्याने एकच अर्ज करीत आहे. मंगल रोज येत होती. हा अर्ज लिहिला जात असताना ती पलीकडे तांदूळ निवडत बसलेली आहे. मग ॲपमध्ये ती का दिसत नाही, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागते. साहेबांनी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

मंगल ही अर्जदाराच्या मावसबहिणीची मुलगी. तिच्या बापाने, आश्रुबाने, तिला चकलांब्याकडच्या अभिमन्यू नावाच्या माणसाला दिले. अभिमन्यू ऊसतोडीच्या टोळीवर ट्रॅक्टर चालवायचा आणि मंगल त्याच टोळीत ऊस तोडायची. त्याचा हात सारखा उठायचा. टोळीत हे सगळ्यांना माहीत होते आणि सगळ्यांनी नवराबायकोचे म्हणून सोडून दिले होते. एका हंगामात त्याने फडातच तिला असे मारले की तिचा डावा हात मोडला. तेव्हा मोडका हात गळ्यात बांधून, कडेवर लहानग्या वैष्णवीला घेऊन ती फडाजवळच्या पाचटाच्या कोपीतून निघाली ती परत गेली नाही. पुढे बीडच्या कोर्टाने अभिमन्यूला तिच्याजवळ फिरकण्याची मनाई केली. हुकूम तिच्याजवळ आहे. पण तो हुकूम अभिमन्यूला वाटेत अडवणार नाही, हे तिला कळत होते. म्हणून ती माहेरी गेली नाही. माहेर त्याला आधी सापडले असते. ती अर्जदाराकडे आली. आश्रुबाने विचारणाऱ्यांना सांगितले की पोरगी बीडला एका मेसमध्ये पोळ्या लाटते, आणि लोकांना ते पटले.

इथे मदतनीसाची जागा रिकामी होती. मंगलने रीतसर अर्ज केला, आपल्याच कार्यालयाने तिला घेतले. सुरुवातीला मोटारसायकलचा आवाज आला की तिच्या हातातला पळा थांबायचा आणि ती दाराकडे बघत राहायची. लेकरे खिचडीची वाट बघत बसायची. हळूहळू ते कमी झाले. एक दिवस ती कुणाला सोबत न घेता गिरणीवर गेली आणि दळण डोक्यावर घेऊन परत आली. आल्यावर गिरणीतल्या बायकांनी काय काय विचारले ते सांगत बसली. इतकी बोललेली तिला अर्जदाराने तोवर पाहिले नव्हते.

या जूनपासून सहीची हजेरी बंद होऊन ॲपवर हजेरी सुरू झाली. मंगलच्या जुन्या फोनमध्ये ॲप उतरेना. ‘हे ॲप आपल्या उपकरणाशी सुसंगत नाही’ एवढेच पडद्यावर यायचे. तिने बीडहून एक वापरलेला, पण जरा नवा फोन आणला. त्यात ॲप उतरले, पण उघडताच ते एकेक गोष्ट मागू लागले. कॅमेरा मागितला, फोनमधले सगळे नंबर मागितले, फोटो मागितले. शेवटी ती कुठे आहे ते मागितले. ‘ॲप वापरतानाच’ असे तिने दाबले तर ते बंद पडायचे. ‘नेहमी’ दाबले तेव्हा चालले. ती अर्जदाराला म्हणाली की मावशी, हे आपण घरी असतानाबी बघणार का? अर्जदाराने तिला सांगितले की सरकारी आहे, बघून काय करणार.

रोज सकाळी केंद्राच्या दारात उभे राहून स्वतःचा फोटो काढायचा, की त्याच्या तळाला गावाचे नाव, तालुका, नकाशा आणि वेळ आपोआप छापली जायची. तो फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा. मंगलचा एकही दिवस चुकला नाही. याची दखल घेऊन जुलैच्या अखेरीस आपल्या कार्यालयाने ‘आदर्श हजेरी’ असे पोस्टर काढले. मध्ये मंगलचा फोटो, डोक्यावर पदर, भोवती फुले, वर अभिनंदन आणि खाली पिवळ्या अक्षरात गावाचे नाव. तिने ते पोस्टर फोनमध्ये मोठे करून पाहिले. जन्मात कुणी तिचे अभिनंदन केले नव्हते, ती जराशी हसलीसुद्धा. मग तिची नजर खालच्या पिवळ्या अक्षरांवर गेली आणि तिने फोन पालथा ठेवला.

ते पोस्टर लोकांनी कौतुकाने पुढे पाठवले, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. मंगलने ग्रुपवर लिहिले की कृपा करून माझा फोटो काढून टाकावा. त्याखाली पुष्कळ जणींनी नमस्काराचे हात आणि फुले टाकली. तिने फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातले संगणक पाहणारे उत्तरेश्वर यांनी, चांगल्या बोलीनेच, सांगितले की तोंडी काही होत नाही, ॲपमध्ये तक्रारीची खिडकी आहे तिथे नोंदवा. खिडकीत तक्रार लिहायची तर आधी स्थान चालू करावे लागते आणि ताजा फोटो द्यावा लागतो. आपले ठिकाण कुणाला दिसू नये ही तक्रार मंगलने स्वतःचे ठिकाण देऊन नोंदवली.

साहेब, घात इथे झाला. तक्रार मिळाल्याचा संदेश मंगलच्या फोनवर आला नाही. ती वाट पाहत राहिली. तिचे आधार लग्नानंतर काढलेले, त्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा. ॲपने तो नंबर तिथून उचलला आणि संदेश अभिमन्यूच्या फोनवर गेला. त्यात तक्रार क्रमांक होता, मंगलचे पूर्ण नाव होते, केंद्राचे नाव होते आणि गाव होते. पोस्टर त्याच्यापर्यंत पोचले होते की नाही, कुणास ठाऊक. त्याची गरजच राहिली नाही.

तो दुपारी आला, लेकरांची पंगत बसलेली असताना. मोटारसायकल दारातच लावली. मंगल चुलीपाशी होती. तिने आवाज ऐकला, वैष्णवीला उचलले आणि धान्याच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. अर्जदार दारात उभी राहिली आणि कोर्टाचा हुकूम माहीत आहे का म्हणून त्याला विचारले. त्याने आवाज चढवला नाही. खिशातून फोन काढून अर्जदाराच्या तोंडापुढे धरला.

“हे वाचा,” तो म्हणाला. “बायको कुठं हाय ते सरकारनंच कळवलंय मला. तुमी कोन आडवनार?”

अर्जदाराने तो संदेश वाचला. वर आपल्या प्रकल्पाचे नाव होते. त्याला एवढेच म्हटले की आत लेकरे जेवतात, पाऊल टाकायचे नाही. तो मागे सरला आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन बसला. आत आला नाही, गेलाही नाही.

ठाण्यात फोन केला. गाडी दुसरीकडे गेली आहे, येतो म्हणाले. तोवर लेकरे न्यायला बायका येऊ लागल्या. वैष्णवीला आत ठेवावे तर सगळी लेकरे गेल्यावर तो दाराशी येणार, आणि बाहेर काढावे तर त्याच्या समोरूनच जायचे. तेवढ्यात नातवाला न्यायला आलेल्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, “पोरगी माझ्याकडं द्या.” त्यांनी एका हाताला नातू धरला, दुसऱ्या हाताला वैष्णवी, आणि घरची दोन लेकरे नेतात तशा निघाल्या. वाट लिंबाजवळूनच जाते. वैष्णवी जवळ आली तेव्हा अभिमन्यूने मान वर करून तिच्याकडे पाहिले. पाय पसरलेले होते ते वाटेतून मागे घेतले, तिला जाऊ दिले आणि पुन्हा फोनमध्ये डोके घातले.

मंगल खोलीच्या गजांतून हे बघत होती. अर्जदार आत गेली तेव्हा ती धान्याच्या पोत्याला टेकून खाली बसलेली होती. म्हणाली, “वळखलं न्हाई तिला.” पोरगी वाचली म्हणून ती म्हणत होती की बापाला पोरगी ओळखू आली नाही म्हणून, हे अर्जदाराने विचारले नाही.

दिवस कलताना पोलीस आले. अभिमन्यूला घेऊन गेले, लिहून घेतले, समज दिली आणि सोडले. दुसऱ्या दिवसापासून मंगलने फोनमधले स्थान बंद केले. कामावर मात्र ती त्या दिवशीही आली आणि नंतरही आली. रोज ॲप एकच सांगत राहिले की स्थान बंद आहे, हजेरी नोंदवता येत नाही. म्हणून अर्जदाराने जुने रजिस्टर पेटीतून काढले आणि तिची सही घेतली. खोटी हजेरी म्हणतात ती हीच.

यानंतर मंगल आणि अर्जदार आपल्या कार्यालयात आल्या होत्या. साहेब दौऱ्यावर होते. उत्तरेश्वर यांच्या टेबलावरच्या संगणकात तालुक्याचा नकाशा उघडा होता आणि त्यावर प्रत्येक मदतनीसाच्या नावाचा ठिपका. बाकावर बसलेल्या कुणालाही तो दिसत होता. कोण केंद्रावर आहे, कोण घरी गेली, सगळे. मंगलच्या नावापुढे लाल अक्षरात गैरहजर होते. उत्तरेश्वर पडद्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही तर महिनाभर दिसतच नाहीत.”

मंगल म्हणाली, “मी तुमच्या म्होरं हुबी हाय की.”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. ते ओशाळले, हे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करते. पण म्हणाले, दिसायचे तर इथे दिसावे लागते, माझ्या हातात काही नाही. मग निदान नंबर तरी बदला, अशी विनंती केली. त्यांनी तिथल्या तिथे बदलायला घेतले. तेव्हा संगणकाने जुन्या नंबरवर गेलेला ओटीपी मागितला. उत्तरेश्वर यांना मागचे काही माहीत नव्हते. ते सहज म्हणाले की घरच्यांना फोन करून विचारून घ्या. मंगल उठली आणि पायऱ्या उतरून खाली गेली. तो ओटीपीही अभिमन्यूकडे गेला आहे. म्हणजे बायकोने कार्यालयात येऊन नंबर बदलायचा प्रयत्न केला, हेही त्याला कळले.

त्यानंतर आपली नोटीस आली. ती वाचून मंगलने वैष्णवीचे कपडे पिशवीत भरले. अर्जदाराने तिला विचारले की कुठे जाशील. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, “मावशी, मी कुटंबी गेले तरी तितं फोटू काढावाच लागंल ना?”

अर्जदाराने पिशवी तिच्या हातातून काढून घेतली आणि हा अर्ज लिहायला बसली.

तरी नम्र विनंती की मंगलची नोटीस मागे घ्यावी. तिची हजेरी पूर्वीप्रमाणे सहीने घ्यावी. लेकरांना न्यायला रोज येणाऱ्या आया-आज्या साक्षीला तयार आहेत. ते पोस्टर कार्यालयाने जिथे जिथे टाकले तिथून काढावे आणि ज्यांच्याकडे गेले त्यांनाही काढायला सांगावे. अभिमन्यूचा नंबर त्याला न विचारता खोडावा. बाकाकडे तोंड केलेला तो संगणक भिंतीकडे फिरवावा; त्याला वरची मंजुरी लागत नसावी. आणि मंगलसारख्या आणखी किती जणींचा नंबर नवऱ्याचा आहे, हे एकदा तपासावे. तालुक्यात ती एकटीच असेल, असे अर्जदाराला वाटत नाही.

खुलाशाबाबत इतकेच की अर्जदाराने खोटी नोंद केलेली नाही आणि उत्तर येईपर्यंत ती मंगलची सही रजिस्टरात घेतच राहणार आहे. यात नियम मोडत असेल तर कारवाई अर्जदारावर करावी, मंगलवर करू नये. साहेबांना खात्री करायची असल्यास कोणत्याही दिवशी, न कळवता, केंद्रावर यावे. गाडीचा आवाज आल्यावर ती धान्याच्या खोलीत जाईल. बाहेर यायला थोडा वेळ लागेल, तेवढा द्यावा.

उत्तर कागदावर, अर्जदाराच्या हाती द्यावे. संदेश पाठवू नये.

साहेबांच्या निर्णयाकडे डोळे लावून असलेली,
(सही)
कौशल्याबाई
सेविका, केंद्र क्र. ४१
दिनांक : ९ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) कोर्टाच्या मनाई हुकमाची प्रत.
२) हजेरी रजिस्टराच्या पानांच्या प्रती.
३) आया-आज्यांचे लेखी निवेदन, सह्या व अंगठ्यांसह. पहिला अंगठा चंद्रभागाबाई यांचा.
४) पोस्टरची प्रत जोडलेली नाही. ती आणखी एका हातात जाऊ नये म्हणून.