जांभळीवरची पिशवी

कुडपण, ता. पोलादपूर
३ ऑक्टोबर २०२५

ती. दर्शनाताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची रीत म्हणून लिहिते, पण मन थाऱ्यावर नाही. दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणाचे सरकारी पैसे खात्यात आले आणि लगेच कुणीतरी काढून नेले. घरी शिवणकाम करणारीला रजा कोण देतं? त्या पैशांच्या जोरावर दिवाळीपर्यंत मशीनला हात लावणार नव्हते. आता ब्लाउज शिवायला घ्यावेच लागतील, पण बसलं की टाके ओढतात.

आमच्या वाडीत रेंज नाही, तुला ठाऊकच आहे. माळावरच्या जांभळीला पिशवी टांगलेली असते, तिच्यात सगळ्यांचे फोन. जवळ असेल त्यानं उचलायचा आणि घरी निरोप द्यायचा. माझा सव्वा महिना झाला नव्हता, म्हणून माझाही फोन तिथेच. शहाणपणा असा की एटीएम कार्ड मी फोनच्या कव्हरातच ठेवलेलं. हस हवं तर. कुणीतरी फोन उचलून कार्डावरचे आकडे आणि मेसेजमधला नंबर पलीकडच्या भामट्याला वाचून दाखवला असणार.

बहुतेक फोन शेजारचे चांगूभावोजीच उचलतात, म्हणून मी त्यांना नको ते बोलले. त्यांनी आपला फोन पिशवीतून काढून नेला. सासूबाई तेव्हापासून धड जेवत नाहीत, पोरीला मांडीवरही घेत नाहीत. यांचा तर मुलगी झाल्यापासून मुंबईहून एक फोन नाही. मी काय करू, ते लवकर कळव.

तुझी,
रूपाली

महाड
७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रूपालीस,
अ. उ. आ.

हसले नाही. माझं कार्ड कुठे असतं ते आमच्या यांना विचारू नकोस म्हणजे झालं.

पोलादपूरला तुझ्या बँकेच्या शाखेत फोन केला होता. कार्ड बंद केलंय. तिथे म्हाताऱ्या आणि फोनला बिचकणाऱ्या लोकांसाठी वेगळी खुर्ची आहे, मानसी नावाच्या बाई निवांत ऐकून घेतात. ज्यानं फोन उचलला त्यालाच घेऊन ये म्हणाल्या. काय बोलणं झालं ते खरं खरं सांगितलं तर तक्रार नीट लिहिता येते. चांगूला आधी चोर ठरवलंस, हे काही बरं केलं नाहीस.

मशीनवर बसलीस तर येऊन सुईच काढून नेईन. आणि साहिलरावांना दोन शब्द सुनावू का? माझा जीव सारखा तुझ्याकडे आहे.

तुझी,
ताई

कुडपण
१६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न.

बँकेत जाऊन आलो. चांगूभावोजी अबोल्यानेच एसटीत बसले. सासूबाई नको म्हटलं तरी आल्या. भावोजी तोंड उघडणार एवढ्यात त्या खुर्चीवर सासूबाईच जाऊन बसल्या. मानसीबाईंकडे न बघता म्हणाल्या, "फोन म्या उचललेला. त्यानं आई म्हनून हाक मारली. मला वाटला साहिल हाय. पोरीचा इचारील, म्हनून त्यो मागंल त्या सांगत रायले."

कार्ड ठेवणारी मी, चांगूभावोजींना बोलणारी मी. तिथेच त्यांची माफी मागितली. त्यांनी माझ्या हातातून पोरीला घेतलं.

मानसीबाईंनी तक्रार घेतली. पैसे मिळतीलच असा शब्द दिला नाही. तोवर थोडे ब्लाउज शिवीन, तू सुई न्यायला येऊ नकोस.

साहिलना सुनावू नकोस. पैसे गेल्याचंही सांगू नकोस. एवढंच म्हण, की आईला फोन करा आणि पोरीचं विचारा.

चांगूभावोजींनी आपला फोन पिशवीत परत ठेवला. सासूबाई हल्ली पोरीला घेऊन जांभळीखालीच बसतात. फोन वाजला की स्वतः उचलत नाहीत. चांगूभावोजींना हाक मारतात, आणि कुणाचा आहे ते त्यांनी सांगेपर्यंत उभ्या राहतात.

आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी धाकटी,
रूपाली