पाळण्याखालचा भुसा

जळगाव, १२ मार्च १९५४

ति. नाना,

शाळेची घंटा गाठायची आहे, म्हणून लिहून ठेवते. कुऱ्हाड मी कोठीत लपवली आहे. रागावू नका.

"उधई लागनी, बठ्ठं बंबमा घाला," असं पाळण्याबद्दल तुम्ही काल पुन्हा म्हणालात. शाळेतलं भिंग आणून मी तो तपासला. उधई म्हणजे वाळवी, ती माती आणते; इथे मातीचा कणही नाही. भोकं भुंग्यांची आहेत, तीही जुनी. पाळण्याखाली आठ दिवस काळा कागद पसरला होता. रोज भुसा पडला; तुम्ही पारोळ्याला होतात ते दोन दिवस मात्र कागद स्वच्छ राहिला. म्हणजे नाना, भुसा तुमच्या काठीने पडतो. रोज सकाळी ठोकून बघणं तेवढं थांबवा.

खरी वाळवी मागच्या दाराच्या चौकटीला लागली आहे. कुऱ्हाड तिथे चालवा.

पाळण्याला मात्र तेलाचा हात द्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवाळीच्या आधी लागेल. हे तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. सासूबाईंना वाचून दाखवा, जरा मोठ्याने.

आपली सून,
इंदुमती