दयाळ भिंतीवर, शामा पिंजऱ्यात

कोल्हापूर,
ता. ९ मार्च १९५४

चि. नृसिंहास अक्काचे आशीर्वाद.

धाकट्याचा खोकला गेला का? इकडे ऊन वाढले आहे. दुपारी झळांत सारी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी वाटते.

वाचनालयातून पक्ष्यांचे पुस्तक आणले. दयाळ आणि शामा एकाच कुळातले, असे त्यात आहे. हसू आले. दयाळ आमच्या न्हाणीच्या भिंतीवर शेपूट उभारून पहाटेपासून गातो. काळापांढरा, कुणाची भीड नाही. माणसांच्या परसातच त्याचा संसार. त्याला कुणी धरत नाही, तो कमीही होत नाही. शामाला मात्र बांबूची सावली हवी. पोट तांबूस, शेपूट लांब, गळा जास्त गोड. म्हणूनच फासे.

तू मागे लिहिलेस, तुमच्या राधानगरीच्या शाळेमागचे शामे फासेवाल्यांनी नेले, यंदा एक मादी तेवढी दिसते. पुढे पत्रात एकदम आंब्याच्या मोहोराची हकीकत. यांनी हौसेने पाळलेला आमचा शामाही तुमच्याच रानातला. हा नर त्या मादीसाठी परत दे, असे एक अक्षर नाही. त्या न मागण्याचाच मला राग आला.

हे गेल्यापासून दोन वर्षांत तुला एक गोष्ट लिहिली नाही. कचेरीतून आले की हे फाटकातून दोन सुरांची शीळ घालीत. मी "आले हो" म्हणून कडी काढीत असे. ती शीळ शामाने उचलली आहे. रोज संध्याकाळी घालतो. मी उठते, "आले हो" म्हणते, कडी काढते. माहीत असून.

काल शेजारच्या बयाबाईने पाहिले.

"कुणाला दार उघडतीस गं? पाखरू हाय ते!"

"पाखराला तरी ते कुठे ठाऊक आहे?"

"मग त्येचंच दार उघड की!"

ती हसत गेली. मी कडीला हात लावून उभीच.

रविवारच्या एस.टी.ने ये आणि त्याला घेऊन जा. पिंजऱ्यावर ओले फडके टाक. कंडक्टर कुरकुरला तर अक्काकडचा पाहुणा आहे म्हण. शाळेमागच्या बांबूत पिंजरा ठेवून दार उघडे टाक. काही दिवस डाळीचे पीठ, नाकतोडे घालत जा. मग त्याचे तो पाहील.

माझी काळजी करू नकोस. भिंतीवर दयाळ आहेच.

रानात कधी ती शीळ ऐकू आली, तर माझ्याऐवजी "आले हो" म्हण. जरा मोठ्याने. त्याला ऐकायची सवय आहे.

तुझी,
कालिंदीअक्का