दन्त शब्द चालवणे

१ जानेवारी, सकाळी ९.४०
यंदा संकल्प एकच. लॅबचा कॉम्प्युटरखर्च निम्म्यावर आणायचा. आमची लॅब दातांची. डेंटिस्ट लोक रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या करून देतो. धाकटी बहीण आतल्या खोलीत दात करते, मी बाहेरच्या खोलीत व्यवस्था करतो. दात काय, शिकलं की कुणालाही येतात. व्यवस्थेला बुद्धी लागते.

११.१५. कॉम्प्युटरवाला सध्या चालू असलेल्या गोष्टींची यादी घेऊन आला. अँटिव्हायरस, बाहेरच्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप, लॉगिन करताना फोनवर येणारा कोड, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड. मी तांबड्या पेनाने एकेक ओळ खोडत गेलो. तो म्हणाला, साहेब, दात कोरून पोट भरत नाही. मी म्हणालो, आमचा धंदाच तो आहे. त्याने यादीची घडी घातली. उत्तर आवडलं असावं.

४ जानेवारी
पासवर्डचा प्रश्न कायमचा मिटवला. खर्च शून्य. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, पण दर महिन्याला बदलणारा. शब्द व्यवसायातलाच : दन्त. अकारान्त, पुल्लिंगी. जानेवारीत प्रथमा एकवचन, दन्तः. फेब्रुवारीत द्वितीया, दन्तम्. मार्चात दन्तेन. टाईप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं. संबोधन धरून आठ विभक्ती, तीन वचनं, चोवीस महिने. चोराला आधी व्याकरण शिकावं लागेल, आणि व्याकरण शिकलेला माणूस चोरी करत नाही. आमच्या संस्कृतच्या वर्गातला एकही चोर निघाला नाही. दोघे वकील झाले, तेवढंच.

बहिणीला सांगितलं. ती मेणाचा दात कोरत होती. मान वर न करता म्हणाली, दादा, शाळेत सगळ्यांनी हेच घोकलंय. मी म्हणालो, घोकलं सगळ्यांनी, राहिलं कुणाच्या?

२ फेब्रुवारी
सकाळ वाया गेली. काउंटरवरच्या बाई चौदा वर्षं आमच्याकडे आहेत. डेंटिस्टांचे फोन, पार्सलं, तारखा, सगळं त्यांच्याकडे. पण द्वितीया म्हटल्यावर त्यांनी ‘दाताला’ असं टाईप केलं. पाच वेळा. मशीनने दार लावून घेतलं. मी म्हणालो, बाई, ही मराठी द्वितीया झाली. त्या म्हणाल्या, साहेब, दात मराठीच आहेत ना? आतून बहीण हसली. बाईही हसल्या. शिस्त अशीच ढासळते.

उपाय केला. चोवीसही रूपं सुवाच्य अक्षरात लिहिली, प्रत्येकापुढे महिना, लॅमिनेट करून काउंटरमागच्या भिंतीवर टांगली. परक्याला सुभाषित वाटेल. संध्याकाळी कुरिअरवाला तक्त्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, काका, म्हणजे पुढच्या महिन्यात दन्तेन ना? बरं वाटलं. समाजात गोडी शिल्लक आहे.

१५ मार्च
बाहेरच्या बॅकअपची वर्गणी संपली. भरली नाही. आपली फाईल परक्याच्या घरी ठेवून वर त्यालाच भाडं द्यायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं. त्याऐवजी एक हार्डडिस्क आणली. मुख्य कॉम्प्युटरला कायमची जोडून टाकली.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, कॉपी झाली की काढून ठेवा, संध्याकाळी घरी न्या. मी विचारलं, रोज काढायची-घालायची म्हणजे कवळी आहे का ती?

हे वाक्य मी नंतर तिघा डेंटिस्टांना फोनवर ऐकवलं. तिघेही हसले. एक जरा उशिरा.

१६ मार्च
बहीण स्वतःहून बाहेरच्या खोलीत आली. असं ती क्वचित करते. म्हणाली, दादा, अठरा वर्षांचं काम आहे त्या मशीनमध्ये. हजारो तोंडं. कुणाचा सुळा पुढे, कुणाची फट, कुणाचा पडलेला कोपरा. सरळ दात कारखान्यातून येतात, लोक माझ्याकडे स्वतःचे वाकडे मागायला येतात. तुला काय वाचवायचं ते वाचव, पण हे गेलं तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन, आणि इथे नाही करणार.

मी म्हणालो, तू दातांचं बघ, मी राखणीचं बघतो. तिने हार्डडिस्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे. थकली आहे. तिला एखादी सुट्टी द्यायला हवी. (बिनपगारी.)

३० जून
सहामाही आढावा. फोनवरचा कोड बंद केला, कारण तो माझ्याच फोनवर येई आणि माझी दुपारची झोप मोडे. अँटिव्हायरस आता फुकटातला. दर अर्ध्या तासाने वर्गणी मागतो, आपण नाही म्हणायचं. खर्च निम्म्याच्याही खाली. चोरी शून्य. कॉम्प्युटरवाल्याला आकडे दाखवले. म्हणाला, साहेब, घराला कडी नसली तरी चोर रोज येत नाही. मी हे कौतुक समजतो.

१ ऑक्टोबर, सकाळी १०
एकवचन ऑगस्टमध्ये संपलं. सप्टेंबरपासून द्विवचन. प्रथमा दन्तौ, सुरळीत. आज द्वितीया, तीही दन्तौ. मशीन म्हणतं, हा पासवर्ड नुकताच वापरला आहे, वेगळा द्या. अरे बाबा, वेगळाच आहे. रूप तेच, विभक्ती वेगळी. मशीनला अर्थाशी देणंघेणं नाही.

बाई म्हणाल्या, साहेब, पुढे तर तीन महिने ओळीने दन्ताभ्याम् आहे. तक्ता त्यांनी वाचला म्हणायचा. मी म्हणालो, द्विवचनात भाषेनेच काटकसर केली आहे, आपण शिकावं.

नियम बंद करण्यासाठी सॉफ्टवेअर कंपनीचा मदत-नंबर इंटरनेटवर शोधला. पहिला जो आला त्यावर निरोप ठेवला.

६ ऑक्टोबर, दुपारी ४.१०
फोन आला. मदत विभागातून. या क्षेत्रात इतका सुसंस्कृत माणूस असेल असं वाटलं नव्हतं. शुद्ध बोलणं, घाई नाही. मी अडचण सांगितली. तो म्हणाला, म्हणजे द्विवचनात प्रथमा-द्वितीया सारखीच, खरं आहे. मी खुर्चीत सरळ बसलो. त्याने विचारलं, शब्द कोणता घेतलात? मी सांगितला. म्हणाला, वा, व्यवसायाला साजेसा, चालवून दाखवाल का? शाळा सुटल्यावर कानावर पडलेलं नाही.

चालवला. चोवीसही रूपं, एका दमात, एकही चूक नाही. पलीकडून ‘वा, गुरुजी’ आलं. मला आजवर कुणी गुरुजी म्हटलेलं नाही. वडिलांना वाटे मी शिक्षक व्हावं, नंतर लॅब गळ्यात पडली. त्याने स्क्रीनवर एक बटण दाबायला सांगितलं, म्हणजे त्याला तिकडून नियम दुरुस्त करता येईल. दाबलं. बाण आपोआप हलताना बघत बसलो. दरम्यान षष्ठीच्या छटांवर बोलणं झालं. पंचावन्न मिनिटं. मोफत.

बाईंना सांगितलं, बघा, अशी माणसं असतात. त्यांनी विचारलं, नाव काय त्यांचं? विचारायचं राहिलं.

९ ऑक्टोबर, सकाळी ९.०५
फाईली उघडत नाहीत. एकही नाही. हार्डडिस्कवरच्याही नाहीत. ती जोडलेलीच होती, त्यामुळे तिलाही कुलूप. प्रत्येक फाईलच्या नावामागे निरर्थक अक्षरांचं शेपूट. स्क्रीनवर पत्र. इंग्रजीत. खंडणी मागितली आहे. तेवढ्या पैशांत बॅकअपची चाळीस वर्षांची वर्गणी झाली असती. (हा हिशेब कॉम्प्युटरवाल्याने केला, मी नाही.)

पत्राच्या आरंभी मात्र दोन शब्द आपले : नमस्कार गुरुजी.

बहिणीला पत्र वाचून दाखवलं. ते दोन शब्द वगळून. मायना हा मजकुराचा भाग नसतो.

आत जाऊन तिने अठरा वर्षांच्या फाईली एकेक उघडून पाहायला सुरुवात केली. दुपारी डबा खाल्ला नाही. मी दोनदा डोकावलो. अजून ‘क’ वरच होती.

१० ऑक्टोबर
चौकशी केली. निष्पक्षपणे. पासवर्ड बाहेर गेला तो भिंतीवरून, आणि भिंत काउंटरची. काउंटर बाईंचा. बाईंना समज दिली. त्या म्हणाल्या, साहेब, तक्ता तुम्ही लावलात. मी म्हणालो, तक्ता शिकण्यासाठी होता, दाखवण्यासाठी नव्हे. त्या म्हणाल्या, चौदा वर्षांत माझ्या हातून एक पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलेलं नाही, आणि तुम्ही मला चोराची वाट दाखवणारी म्हणता? मी म्हणालो, म्हणत नाही, निष्कर्ष निघतो.

त्यांनी ड्रॉवरमधला चष्मा, कंगवा आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली. मला वाटलं जेवायला चालल्या. दारात म्हणाल्या, मंगळवारच्या दोन कवळ्या निळ्या डब्यात आहेत, विसरू नका. गेल्या.

बहीण आतून बघत होती. ती मला म्हणाली, दादा, तुझी खात्री आहे ना? मी म्हणालो, आहे. एकाक्षरी नसलं तरी लहानच उत्तर. पण तोंडातून निघायला वेळ लागला.

१३ ऑक्टोबर, दुपारी
कॉम्प्युटरवाल्याने पोलिसांत द्यायला पत्र छापून काढलं. मी म्हणालो, माझ्याकडे द्या. पण प्रिंटर आतल्या खोलीत आहे. दोन प्रिंटर ठेवणं म्हणजे उधळपट्टी, असं मीच ठरवलं होतं.

बहीण कागद घेऊन बाहेर आली. वरच्या ओळीवर बोट. म्हणाली, दादा, तुला गुरुजी कोण म्हणतं?

मी म्हणालो, औपचारिक संबोधन असेल. तिने फोनची यादी काढली. सहा तारीख, पंचावन्न मिनिटं. म्हणाली, काय बोलत होतास इतका वेळ? खोटं बोलायची माझी तयारी होती, वाक्यही जुळलं होतं. पण तोंडून निघालं, षष्ठी.

कॉम्प्युटरवाला खिडकीबाहेर बघत राहिला. खिडकीबाहेर भिंत आहे.

बहीण रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, फाईली गेल्या त्या गेल्या. पण तुला नऊ तारखेला माहीत होतं आणि दहाला तू त्या बाईंना घालवलंस. त्यांना फोन कर. आत्ता.

मी म्हणालो, अशा गोष्टी फोनवर करायच्या नसतात, रीतसर पत्र लिहितो.

१९ ऑक्टोबर
पत्राचा तिसरा खर्डा. ‘दिलगिरी’ की ‘खेद’ याचा निर्णय होत नाही. दिलगिरीत आपली चूक मान्य केल्यासारखं होतं. खेद कुणालाही कशाबद्दलही होऊ शकतो.

२४ ऑक्टोबर
बहीण बाईंच्या घरी जाऊन आली. माझ्या वतीने नाही, असं तिने मुद्दाम सांगितलं. पाचवा खर्डा फाडला, आता त्याचं प्रयोजन उरलं नाही. एका अर्थी टपालखर्च वाचला.

३ नोव्हेंबर
बहीण आजपासून येणार नाही. दोन गल्ल्या सोडून एका डेंटिस्टने तिला वरचा मजला दिला आहे. तिथे काउंटरला आमच्या बाई. मेणाची हत्यारं आणि आरसा घेऊन गेली. ती वस्तू भरत होती तेव्हा मी लॅबच्या परंपरेबद्दल बोलत होतो. ती म्हणाली, दादा, जरा बाजूला हो, तो डबा काढायचाय. बाजूला झालो.

जाताना म्हणाली, नव्या मशीनला पासवर्ड मी ठेवीन, तू विचारू नकोस. मी विचारणार नव्हतो. शब्द कोणता असेल, एवढंच मनात आलं.

१७ नोव्हेंबर
डेंटिस्टांचे फोन कमी झाले, त्यामुळे कामात एकाग्रता येते. आज स्वतः मेणाचा सुळा कोरला. वीस वर्षांनी. डेंटिस्टने परत पाठवला. चिठ्ठीत लिहिलंय, हा नक्की कोणता दात आहे?

२ डिसेंबर, सकाळी ११.३०
एक म्हाताऱ्या बाई आल्या, जिना चढून धापा टाकत. कवळी हरवली आहे. तोंडावर रुमाल धरून बोलत होत्या. म्हणाल्या, नवी नको, तीच हवी, पुढचा दात जरा शेजारच्यावर चढलेला. इथल्या मुलीने केली होती सहा वर्षांपूर्वी, माझा जुना फोटो बघून. ती म्हणाली होती, काही झालं तर या आजी, तुमचे दात माझ्याकडे ठेवलेत.

मी म्हणालो, सरळ दात बसवून देतो, जास्त शोभतील. त्या म्हणाल्या, शोभून काय करू? घरातले ओळखेनात मला.

फाईल नाही हे सांगितलं. का नाही, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगण्याच्या बेतात होतो. दोनदा तोंड उघडलं. त्या थांबल्या होत्या, रुमाल तसाच.

शेवटी कागद घेतला आणि बहिणीचा पत्ता लिहून दिला. खाली खुणेसाठी छोटा नकाशा काढला. त्या म्हणाल्या, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं. जिना उतरताना हात द्यायला गेलो, पण त्यांनी कठडा धरला होता.

नंतर बराच वेळ दुसरं कुणी आलं नाही.