संदलीची चौथी बाजू

जदी ३

आलो एकदाचे सासरी, जदी महिना लागला आणि ऐन हिवाळ्यातच. काबूलची भाड्याची खोली सोडताना डोळे भरून येतील असं वाटलं होतं, पण छे. तिथली लोखंडी भट्टी सरपण खाऊन खाऊन आम्हाला धुऊन नेत होती. सबूराचे बाबा आम्हा मायलेकींना दाराशी उतरवून त्याच ट्रकने मझारला कामावर गेले. आता येणार ते बर्फ वितळल्यावर.

सासूबाई, म्हणजे खालाजान, दारातच उभ्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हाताने चाचपून सगळं ओळखतात. सबूराचा दंड चाचपून म्हणाल्या, पाच वर्षांची घोडी झालीस आणि हाडांवर मांस म्हणून नाही, आई नुसत्या चहावर ठेवते वाटतं. टोमणा मला होता. मी हसून घेतलं.

बसायच्या खोलीत संदली मांडलेली होती. ठेंगणं मेज, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर खोलीभर पसरणारी रजई. पाय आत घातले आणि प्रवासाचा शीण कुठच्या कुठे पळाला. एका शेगडीवर अख्खं घर! असा हिवाळा मी हसत काढीन.

जदी ७

काटकसरीत माझा हात धरणारं कोणी नाही, हे खालाजाननाही कळू लागलंय. कोळशाचा चुरा मातीत कालवून गोळे वळले. निखाऱ्यांवर राख पसरली. खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकून वर लोकरीचा जाड नमदा लावला, धूर जायला तेवढी वर बोटभर फट ठेवली. दिवसाही खोलीत अंधार असतो, असू दे. सबूराला एकच धडा दिलाय : दार लाव, ऊब जाते. दिवसभर तेच घोकत फिरते.

एक गोष्ट मात्र खटकते. संदलीच्या तीन बाजूंना आम्ही तिघी बसतो. चौथ्या बाजूची रजई खालाजान वर गुंडाळून ठेवतात आणि सगळी ऊब तिथून पळते. खाली सोडू का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, राहू दे, ती बाजू बाहेरून येणाऱ्याची. मी म्हटलं, या बर्फात कोण येणार, लांडगा? त्या हसल्या नाहीत.

जदी १२

खालाजान पलीकडच्या घरी तंदूरवर नान लावायला गेल्या, तेवढ्यात मी काम उरकलं. चौथी बाजू सोडली, रजईची कड गादीखाली दाबली, वर पिठाची गोणी ठेवली. खोली कशी छान तापली.

त्या आल्या, हाताने गोणी चाचपली. मग सांगितलं. थोरली लेक आदेला, सबूराच्या बाबांची बहीण, बर्फाच्या वादळात कोकरू आणायला बाहेर पडली आणि सकाळी आपल्याच भिंतीला टेकलेली सापडली. त्यानंतर दर हिवाळ्यात येते. पाय शेकते, जाते. कोणाला त्रास नाही. म्हणाल्या, ती आत असताना तू कड दाबलीस, पोरी. तिला असं गच्च उबेत बसायला मिळालं नव्हतं कधी. आता ती कशाला उठेल?

त्यांनी गोणी ओढून रजई वर केली, आत तोंड घालून हळूच हाका मारल्या. मला त्यांची कीव आली.

जदी १५

शेगडी लालभडक आणि रजईखाली बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. कोळसा भराभर संपतोय. सबूराचे पाय किती चोळले, तरी बर्फाचे खडे. ती म्हणाली, आदेला माझ्या पायांवर पाय ठेवते, तिला थंडी वाजते ना.

हे नाव आम्ही दोघींनी तिच्यासमोर कधी काढलेलं नाही. त्या दिवशी ती झोपली होती. झोपलीच होती.

जदी १७

आज ते पाय मलाही लागले. खालाजानच्या पायांत मोजे, माझ्या पायांत मोजे, सबूरा मांडीवर. आणि माझ्या घोट्यावर उघडी, बारीक बोटं —

सबूराला उचलून शेजारी निघाले. अंगणातच छातीएवढं बर्फ. परत आले. संदलीपासून लांब कोपऱ्यात बसवलं, तर ती रांगत पुन्हा तिकडेच. कोणीतरी बोलावतंय म्हणते.

जदी १८

कोळसा संपला. पाळणा जाळला. कपाटाची दारं जाळली. जितकं घालते तितकी ऊब आदेला पिते — सबूराचे ओठ निळे. बोलत नाही. माझी मुलगी जातेय. मी केलं हे. थोड्या उबेसाठी —

जदी १९, दुपार

खालाजान म्हणाल्या, आग विझव. ऊब गेली की ती उठेल. मी तिचा हात धरून बाहेर नेते, आईचं ऐकेल ती. मी म्हटलं, आणि तुम्ही? म्हणाल्या, माझं आता काय राहिलंय, तू आपलीला धर.

पाणी ओतायला हात मोकळे हवे होते, म्हणून सबूराला गादीवर ठेवलं. ओतलं. मिट्ट काळोख. चाचपून तिला पुन्हा मांडीवर घेतलं. खालाजान म्हणत होत्या, चल बाळा, ये. मग म्हणाल्या, सापडला गं हात, किती गारठलीस. मी सबूराला छातीशी धरून डोळे गच्च मिटले. दार उघडलं. लागलं.

नंतर

शांत. सबूराचं अंग गरम लागतंय. गरम! माझ्या शालीत तोंड खुपसून पडलीय. पोटभर रडले. दाराच्या फटीतल्या उजेडात लिहितेय. हिचे केस ओले आहेत — घाम असेल. खालाजान अजून —

दार वाजतंय.

सबूराचा आवाज. बाहेरून. आजी मला आदेला म्हणत होती, आता पडलीय, बोलत नाही. आई, दार उघड, माझे पाय —

मांडीवरची मान वर करत नाही. एवढंच म्हणाली, नको उघडू आई, ऊब जाते.

उठते. उठायचंय मला. तिने माझ्या पायांवर पाय ठेवलेत, मला उठता —