हमीदाराची सही

दि. ११ फेब्रुवारी

चि. बडबडीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्राचं कारण, तुझा फोन नऊ दिवस बंद आहे. तू आणि गप्प! बरी आहेस ना, ते आधी कळव.

काल बँकेत गेलो होतो. चष्म्याच्या काचा कापायचं नवं मशीन घ्यायचंय. जुन्यावर एक जोडी करायला दोन दिवस लागतात, तोवर गिऱ्हाईक चौकातल्या मोठ्या दुकानातून तासाभरात चष्मा घालून बाहेर पडतं. साहेबांनी माझं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि म्हणाले, तुमचा क्रेडिट स्कोर फार खाली आहे, कर्ज मिळणार नाही. मी हसलो. आयुष्यात कुणाची उधारी ठेवली नाही. तेव्हा त्यांनी स्क्रीनच वळवून दाखवली. तुझ्या शिक्षणाच्या कर्जाचे चौदा हप्ते थकलेत आणि हमीदार म्हणून खाली माझं नाव.

काहीतरी घोळ आहे, असं सांगून आलो. घोळच असेल ना? गेल्या महिन्यात तूच म्हणालीस, सगळं वेळेवर चाललंय. मामीला अजून सांगितलेलं नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
मामा

दि. १६ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

घोळ नाही. मी खोटं बोलले.

कवळ्या बनवायची आमची लॅब दीड वर्षापूर्वी बंद पडली. सात महिने घरी बसले. आता दुसऱ्या लॅबमध्ये आहे, पगार निम्मा. वसुलीवाले आधी मला फोन करायचे, मग लॅबच्या मालकांना करायला लागले. चारचौघांत मालकांनी विचारलं, कर्जबुडवी आहेस का म्हणून. त्या दिवशी फोन बंद केला. मेणात दात बसवताना लक्षच लागत नाही. परवा एका आजोबांची अख्खी कवळी वाया घालवली.

तुला सांगायला कितीदा तरी फोन लावला. तू आधी विचारायचास, जेवलीस का गं, आणि मी भलतंच काहीतरी बडबडून फोन ठेवायचे.

वसुली अधिकारी म्हणतो, साठ टक्के एकरकमी भरा, बाकीचं सोडून देतो. स्कूटर विकून, थोडे व्याजाने उचलून तेवढे जमवेन. एकदाचं संपू दे. मामा, हल्ली सकाळी उठावंसंच वाटत नाही.

तुझ्यापुढे यायची लाज वाटणारी,
बडबडी

दि. २२ फेब्रुवारी

चि. बडबडीस आशीर्वाद.

पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. राग आला, खोटं सांगू नये. हप्ते थकले म्हणून नाही. एकटीने कुढत बसलीस म्हणून. मामीला सांगितलं. ती म्हणाली, या घरात तिचं नाव काढायचं नाही. मामीचं मी बघतो.

माझ्याकडे एक रिटायर्ड कॅशियर येतात, त्यांना विचारलं. म्हणाले, साठ टक्क्यांत मिटवलं तर नोंदीत ‘पूर्ण फेड’ लागत नाही, ‘तडजोड’ लागते. तो डाग कैक वर्षं जात नाही, कर्जदाराचा नाही की हमीदाराचा नाही. वसुलीवाल्याला सोडून थेट शाखेच्या मॅनेजरना भेटावं, दंडव्याज माफ करून घ्यावं, मुद्दल पूर्ण देते म्हणावं आणि हप्ते लहान करून मागावेत. ठरेल ते लेखी हातात पडेपर्यंत एक पैसाही भरू नये.

पण झेपणार नसेल तर तडजोड करून मोकळी हो. माझ्या नावाचं काय, मी कुठे आता बोहल्यावर चढायला निघालोय! सकाळी मात्र उठायचं. उठलीस की फोन चालू करून मला एक मिस्ड कॉल द्यायचा. रोज. ही विनंती नाही, हुकूम आहे.

तुझाच,
मामा

दि. १४ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

बँकेत तीन खेपा झाल्या. दोनदा बाहेरूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा सकाळपासून चारपर्यंत बाकावर बसून राहिले, तेव्हा मॅनेजरबाईंनी आत बोलावलं. त्यांना नवलच वाटलं. कमी भरून सुटका होत असताना पूर्ण भरायला कुणी येतं का, म्हणाल्या. मी सांगितलं, खालची सही माझ्या मामाची आहे. तिथे मला रडू फुटलं. नको होतं फुटायला.

दंडव्याज माफ झालं, लेखी मिळालं. स्कूटर विकून पहिली रक्कम भरली, उरलेलं अडीच वर्षांत. लॅबपर्यंत चालत जाते, तासभर लागतो. संध्याकाळी आणखी एका लॅबचं काम घरी आणते.

स्कोर सुधारायला मात्र वेळ लागेल. तुझं मशीन यंदा होणार नाही, मामा. हे एक वाक्य लिहायला फार वेळ लागला. दुकान कसं चाललंय, खरं सांग.

तुझी,
बडबडी

दि. २० मार्च

चि. बडबडीस आशीर्वाद.

शाब्बास! दुकान झकास चाललंय. तू चपला चांगल्या घे.

मामा

दि. ३ ऑक्टोबर

ती. मामास सा. न. वि. वि.

अडीच वर्षांनी आज कर्ज संपलं. ना-देय दाखल्याची प्रत सोबत आहे. तिच्यावर ‘पूर्ण फेड’ लिहिलंय, ‘तडजोड’ नाही. तुझ्या नावावर आता काही नाही. इतके दिवस जुन्या मशीनवर ढकललंस, उद्याच्या उद्या बँकेत जा. मामीला माझा नमस्कार सांगता आला तर सांग.

तुझी,
बडबडी

दि. ९ ऑक्टोबर

चि. बडबडीस आशीर्वाद.

आता मशीन नको. तू पहिली रक्कम भरलीस त्याच महिन्यात मी दुकान बंद केलं. तीन महिन्यांचं भाडं तुंबलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तू पुन्हा सकाळी उठेनाशी झाली असतीस, म्हणून झकास चाललंय लिहिलं. चौकातल्या त्याच मोठ्या दुकानात नोकरीला आहे. साहेब माझ्या निम्म्या वयाचा. मला काका म्हणतो आणि दहा मिनिटं उशीर झाला की पगार कापतो.

मामीने दाखला दोनदा वाचला. पोरगी अजून चालतच जाते का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. मग म्हणाली, रविवारी ये म्हणावं तिला.

रविवारी मलाही सुट्टी असते. ये.

राग धरू नकोस, माया आहे तशी राहू दे.

तुझा खोटारडा
मामा