सलाईनच्या कळा

।। श्री ।।
कोरेगाव, ता. २४ एप्रिल १९७६

ती. सौ. आक्कास,
धाकट्या मनूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडं सगळी खुशाल आहेत, मी तेवढी पाण्याच्या पिंपासारखी झालेय. पायात आईच्या वहाणासुद्धा शिरत नाहीत. ह्यांचं पठाणकोटहून पत्र आलं, रजा मिळत नाही. वर विचारतात, अजून कसं झालं नाही? जसं काय मीच दाबून धरलंय!

काल साताऱ्याला डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. दिवस वर गेलेत, त्यात बीपी चढलंय. बुधवारी भरती व्हा, सलाईनमधून औषध सोडून कळा आणू, म्हणाल्या. आई म्हणते, बुध-गुरू अवस आहे, अक्षय तृतीयेला जाऊ, तेवढ्यात काय आभाळ कोसळत नाही. मी मुकाट्यानं हो म्हटलं. खरं सांगू? मला बरंच वाटलं. शेजारच्या रंगूबाई म्हणतात, सलाईनच्या कळा म्हणजे जितेपणी मरण.

आक्का, पहिल्या खेपेला तू तेच सोसलंस. मी तेव्हा डबा घेऊन बाहेर बाकावर बसले होते. आत तू ओरडलीस, ते अजून माझ्या कानात आहे. घरात सगळी म्हणतात, सलाईननंच घात केला. तुला विचारायचा कधी धीर झाला नाही, आता विचारते. लय दुखतं का गं? गोड गोड लिहू नकोस, तुला माझ्या गळ्याची शप्पथ.

दाजींना नमस्कार, अर्जुनाला पापा. माया आहे तशीच राहू दे आणि उत्तर लगेच धाड.

तुझी मनू


सांगली, ता. २६ एप्रिल १९७६

चि. सौ. मनूस,
आक्काचे पोटभर आशीर्वाद.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून ह्यांनाच सकाळच्या गाडीनं पाठवतेय. रंगूबाईंना म्हणावं, मरून परत आलेली बाई मी तरी बघितली नाही.

दुखतं गं. लय दुखतं, खोटं कशाला सांगू? अर्जुनाच्या वेळी आपल्या आपण कळा आल्या, त्याच्या आधीच्या खेपेला सलाईननं. दोन्ही सोसल्यात, म्हणून सांगते. आपल्या कळा चुलीसारख्या, हळूहळू पेटतात. सलाईनच्या म्हणजे स्टोव्ह. पंप मारला की भडकला! कंबरेतनं निघून ओटीपोटात येतात आणि एकीच्या पाठीला दुसरी लागते. पण मधे थोडी उसंत असते. त्या उसंतीत पुढचीची धास्ती घेत बसू नकोस, अंग सैल सोड. उसंतच मिळेनाशी झाली तर नर्सबाईंना लगेच सांग, स्टोव्हसारखा तोही जाळ कमी करता येतो. कुशीवर वळवा म्हणावं. सोसेना तर सुई मागून घे. आणि खुशाल ओरड. माहेरची अब्रू जाते, असलं काही मनात आणू नकोस.

आता दुसरं. आईला हे दाखवू नकोस. पोटुशीपुढं असलं बोलू नये म्हणतात, पण न बोलून चालायचं नाही. तेव्हाही डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं आणि तेव्हाही अवस आडवी आली. आम्ही थांबलो. अवस उलटल्यावर गेलो, तर बाईंनी पोटाला नळी लावली, ठोके काही सापडले नाहीत. पोरगी आधीच गेली होती, मनू. सलाईन मागनं लागलं. तू ऐकलंस ते ओरडणं कळांचं नव्हतं. कळा संपल्या होत्या. बाईंनी तिला माझ्या हातात दिली, तेव्हा मी ओरडले.

सलाईननं माझं काही नेलं नाही. तू बुधवारी जा. अवस असो नाहीतर काही असो, जा.

तुझ्यातच जीव अडकलेली,
आक्का


सातारा, ता. १ मे १९७६

ती. सौ. आक्कास,
मनूचा आणि एका नव्या पाहुणीचा नमस्कार!

पोरगी झाली. गुरुवारी, भर अवसेला! रडून रडून दवाखाना डोक्यावर घेतलाय. नाक ह्यांच्यावर गेलंय, आता काय करणार.

तुझं पत्र एकटीनं वाचायला बसले, तर आई समोर येऊन बसली. मोठ्यानं वाच म्हणाली. मी मधलं गाळायला लागले, तिला कळलं. गाळू नकोस, म्हणाली. सगळं ऐकून उठली, तवा उतरवला आणि माझं बोचकं बांधायला घेतलं. बुधवारी एस.टी.त खिडकीशी मला बसवून स्वतः साताऱ्यापर्यंत उभी राहिली.

तुझा स्टोव्ह अगदी खरा निघाला, बाई! दुपारी उसंतच मिळेना, तेव्हा तू सांगितल्यासारखं नर्सबाईंना हाक मारली, त्यांनी थेंब कमी केले. ओरडले तर अशी, की झाडूवाली दारातनं डोकावली. कळ ओसरली की आई तुझंच नाव घेऊन म्हणायची, घे गं विसावा, आंबूनं सांगितलंय. तिच्या हातावर माझी नखं उमटलीत.

काल पोरगी मांडीवर घेऊन आई बसली होती. मग मला म्हणाली, आंबूला लिही, तिच्या लेकीचं नाव तिनं मनात काय धरलं होतं? आपण पोरीला कधी विचारलंच नाही, म्हणाली. आणि रडली. मी पण रडले.

लवकर ये. तुझी माया आता दोघींत वाटावी लागणार.

तुझी मनू


सांगली, ता. ४ मे १९७६

ती. आईस,
आंबूचा साष्टांग नमस्कार.

घरात पाकीट होतं, तरी मुद्दाम कार्ड लिहितेय. पोस्टमननं वाचलं तर वाचू दे. मनूला म्हणावं, सगळ्यांत बसून मोठ्यानं वाच.

तुझ्यावर माझा राग नाही, आई. कधीच नव्हता. तुझ्यापुढं बोलायचं कसं, तेवढंच कळत नव्हतं. शनिवारी अर्जुनाला घेऊन येतेय. तुझ्या हातावर तेल लावायचंय.

तिचं नाव मी शेवंता धरलं होतं.

तुझीच आंबू,
शेवंताची आणि अर्जुनाची आई